धुक्यात चार्जिंगला ठेवलेला मोबाईल

या सदरातले अनुभव मी गेली दोन-तीन वर्षं दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि मनातल्या मनात प्रत्येकाचं वायरिंग तपासते. खरंच सांगते... कुणाच्या घरात दिवे आपोआप लागतात, कुणाचा पंखा मध्येच फिरायला लागतो, आणि मी इथे बसून म्हणते — बाई, आधी न्यूट्रल बघून घे. श्रीरामपुरात आमचं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. मी आणि माझा नवरा विल्सन, दोघं मिळून चालवतो. 'घरात काहीतरी आहे' असं दबक्या आवाजात सांगणारी गिऱ्हाइकं मी भरपूर पाहिली आहेत. त्यातल्या एकाकडे अर्थिंग लूज निघालं, दुसऱ्याकडे उंदीर. रविवारी चर्चला जाते, देव मानते, पण भुताखेतांना आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. तेव्हा हे घाबरट बाईचं लिहिणं नाही, एवढं आधी लक्षात घ्या आणि मग वाचा.

गोष्ट माझ्या सासऱ्यांची आहे. आम्ही त्यांना पपा म्हणतो. पपा एसटीत ड्रायव्हर होते आणि राजूर-भंडारदऱ्याकडच्या मुक्कामी गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं चालवल्या. त्या रस्त्याचं प्रत्येक वळण त्यांना पाठ. रिटायर झाल्यावर फुफ्फुसांनी दगा दिला. आता दिवसातले काही तास त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं... म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, जे हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडतं. मशीनचा प्लग भिंतीत, नळी पपांच्या नाकात, आणि नळी पोचेल तेवढंच पपांचं जग. तक्रार करणारा माणूस नाही तो. पण टीव्हीवर भंडारदऱ्याचा पाऊस दाखवला की रिमोट घेऊन आवाज मोठा करायचे, आणि तो आवाज मला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा.

त्यात आमच्या विल्सनला गाडीतच संसार थाटून फिरणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायचं वेड लागलं. त्याने शाळेची एक जुनी व्हॅन घेतली, आतल्या सीटा काढल्या, एक पलंग बसवला, शेगडी बसवली, खिडक्यांना मी पडदे शिवले. विजेसाठी दोन पॉवर स्टेशन घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — बॅगेएवढा डबा असतो, आत लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर, सगळं एकत्र. बाहेर घडीचं सोलर पॅनल उन्हात पसरायचं, त्याची वायर डब्याला लावायची. पुढच्या बाजूला छोटा डिस्प्ले असतो. एका बाजूला किती वॅट आत येतात, दुसऱ्या बाजूला किती बाहेर जातात, मध्ये किती टक्के शिल्लक. मशीनला लागतात तीनशेच्या आसपास वॅट. हिशेब मी स्वतः मांडला होता. ऊन असेल तर एक डबा पुरून उरतो, नसेल तर दुसरा आहे. शिवाय ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर जवळ ठेवलेला. डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं, मग पपांचं तोंड बघून हो म्हटलं.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर आम्ही निघालो. संगमनेर, अकोले, राजूर... पपा पुढच्या सीटवर, नाकात नळी, आणि विल्सनला प्रत्येक वळणाआधी सूचना. विल्सन वैतागून म्हणाला की पपा, गाडी मी चालवतोय. पपा म्हणाले, हो, ते कळतंय. भंडारदऱ्याच्या पुढे घाटघरच्या रस्त्याला एका वाडीजवळ सपाट कातळ आहे. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. जमीन नामदेवभाऊ नावाच्या माणसाची. त्यांना विचारून, त्यांच्याच घरचा चहा पिऊन, आम्ही गाडी त्या कातळावर लावली.

पहिला दिवस काय सांगू! स्वच्छ ऊन, खाली भाताची खाचरं हिरवीगार, पॅनल भरभरून वीज देत होतं आणि पपा खुर्ची टाकून बाहेर बसले होते. जेवणाआधी त्यांनी प्रार्थना केली ती एवढी लांबली की भात गार झाला. वाडीतली लाइट झाड पडल्यामुळे बरेच दिवस गेलेली होती. आमच्याकडे वीज आहे हे नामदेवभाऊंनी घरी सांगितलं असावं, कारण दुपारनंतर मोबाईल घेऊन माणसं यायला लागली. मी एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढला. मोबाईलला वीज लागते किती... मशीनपुढे ते काहीच नाही. बायका रिकाम्या हाताने येत नव्हत्या. कुणी काकडी, कुणी दोडके, कुणी ओंजळभर तांदूळ. विल्सन म्हणाला, दुकानापेक्षा इथे धंदा बरा आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडलं ते धुक्यातच. त्या भागातलं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, गाडीच्या दारातून गाडीचा आरसा दिसत नाही. पॅनल पसरून ठेवलं पण डिस्प्लेवर येणारे वॅट जवळजवळ शून्य. मी शेवटी पॅनल घडी करून पिशवीत घातलं, उगाच भिजायला नको म्हणून. त्या गार ओल्या हवेने पपांची छाती भरली. मशीन काढलं की धाप, म्हणून मशीन सतत चालू. पहिला डबा उतरत गेला. मला काळजी नव्हती. दुसरा होता ना.

दुपारी पहिला डबा बंद पडला. मी दुसऱ्याचं बटण दाबलं आणि डिस्प्लेवर शून्य आलं.

आता हे कसं झालं ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. आमच्याकडे एक पद्धत आहे — गिऱ्हाइकाची बॅटरी दुरुस्तीला आली की त्याला अंधारात ठेवायचं नाही. दुकानातली एखादी बॅटरी तात्पुरती द्यायची. तिला आम्ही स्टँडबाय म्हणतो. निघायच्या आदल्या दिवशी एकाच्या घरी साखरपुडा होता आणि त्याचा इन्व्हर्टर आमच्याकडे दुरुस्तीला पडलेला. विल्सनचं मन मोठं. त्याने आपला दुसरा डबा दिला स्टँडबाय म्हणून, सोबत गाडीच्या सॉकेटवरून चार्ज करायची वायरही दिली. दोन्ही डब्यांना मिळून ती एकच वायर. सकाळी डबा परत आला तो साखरपुड्यात पूर्ण उतरलेला, आणि वायर तिकडेच राहिली. विल्सनला वाटलं मी चार्ज केला. मला वाटलं दुकानातून आलेला डबा म्हणजे भरलेलाच असणार. नवरा-बायको दोघं बॅटरीवाले, आणि गाडीत रिकामा डबा घेऊन दीडशे किलोमीटर आलो!

लगेच निघायचं ठरलं. पपांना सिलिंडरवर घेतलं. विल्सनने गाडी मागे घेतली आणि कातळ संपतो तिथल्या चिखलात मागचं चाक रुतलं. जेवढा जोर लावला तेवढं खाली गेलं. मोबाईलची रेंजही त्या दिवशी गेलेली होती. गाडीचा आवाज ऐकून आलेले नामदेवभाऊ म्हणाले, पलीकडच्या वाडीत ट्रॅक्टर आहे, पण चालत जावं लागेल. विल्सन त्यांच्याबरोबर पळत सुटला आणि धुक्यात दोन पावलांत दिसेनासा झाला.

गाडीत मी आणि पपा. सिलिंडरचा काटा मी बघत होते. फार तर तासभर पुरला असता. ट्रॅक्टरला किती वेळ लागेल ते कुणालाच माहीत नव्हतं. पपांचे ओठ निळसर दिसायला लागले होते आणि तरी ते मला हाताने 'बस, बस' अशी खूण करत होते. या माणसाला मी घरातून उठवून इथे आणलं होतं, आपल्या हिशेबाच्या जोरावर.

तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा असेल, अंगावर प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ, पायात काही नाही. हातात जुना बटणांचा मोबाईल, त्याच्याभोवती लाल दोरा गुंडाळलेला. वाडीतलाच कुणीतरी, मी त्याला आदल्या दिवशी पाहिला नसेल, असं वाटलं.

"ताई, एवढा चार्जिंगला ठिवता का?" तो म्हणाला.

मी जरा तोडूनच सांगितलं की डबा रिकामा आहे, वीज नाही, आणि इथे आमचा माणूस आजारी आहे. तो हलला नाही.

"ठिवा तर खरं," तो म्हणाला. "मला घाई न्हाई."

वाद घालायची ताकद नव्हती. पिन सापडली ती त्याच्या मोबाईलला लावली, दुसरं टोक त्या रिकाम्या दुसऱ्या डब्यात खुपसलं, आणि पपांकडे वळले. तो पायरीवर बसला आणि पपांशी बोलायला लागला. कुठली मुक्कामी गाडी, कुठल्या साली पूल वाहून गेला, असलं काहीतरी. पपाही अडखळत उत्तर देत होते. मला त्यांना सांगायचं होतं की बोलू नका, दम जपून ठेवा, पण त्यांचा चेहरा जरा शांत झालेला दिसला म्हणून गप्प बसले. मी पाठमोरी होऊन सिलिंडरची नळी नीट करत होते.

मागे डब्याचा 'टिक' असा आवाज झाला. सुरू होताना होतो तो. वळून पाहिलं तर डिस्प्ले उजळलेला, आणि आत येणाऱ्या वॅटच्या बाजूला आकडा दिसत होता. बाहेर जाणाऱ्या बाजूला नाही... आत येणाऱ्या! मी पहिल्यांदा पॅनल बघितलं. ते पिशवीत, पिशवीची चेन लावलेली. भिंतीच्या प्लगची वायर गुंडाळून खणात. डब्याला एकच गोष्ट जोडलेली होती, तो मोबाईल. आणि ज्या भोकात तो लावला होता तिथून वीज फक्त बाहेर जाते. आत येऊच शकत नाही, तशी रचनाच नसते. हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते.

टक्के चढायला लागले होते.

मी विचार केला नाही. मशीनचा प्लग डब्यात घातला, बटण दाबलं, आणि मशीनने नेहमीसारखा श्वास घेतला. तो आवाज मला इतका गोड कधीच वाटला नव्हता. नळी बदलली, सिलिंडर बंद केला, पपांच्या ओठांकडे बघत बसले. थोड्या वेळाने रंग परत आला. तेव्हा कुठे मला त्या माणसाची आठवण झाली. निदान चहा तरी विचारावा म्हणून वळले तर पायरी रिकामी. बाहेर जाऊन हाक मारली. धुक्यात माझाच आवाज मला परका वाटला आणि मी आत येऊन दार लावून घेतलं.

मी भित्री नाही हे वर लिहिलंय. पण त्यानंतर ट्रॅक्टर येईपर्यंत मी त्या मोबाईलला हात लावला नाही. मशीन तीनशे वॅट खात होतं आणि डब्याचे टक्के कमी होत नव्हते. एका बाजूने वाटत होतं की हे शक्यच नाही, आणि दुसऱ्या बाजूने म्हणत होते, प्रभू, हे असंच राहू दे.

संध्याकाळी ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. राजूरला दवाखान्यात पोचेपर्यंत मशीन अखंड चालू होतं. पपांना तिथल्या ऑक्सिजनवर घेतल्यावरच मी मोबाईलची पिन काढली. पिन निघाली त्याच क्षणी डबा बंद पडला. पुन्हा बटण दाबलं तर शून्य.

विल्सनला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी म्हणाला, डिस्प्ले बिघडला असेल. मी म्हटलं, डिस्प्ले बिघडल्याने मशीन चालत नाही. मग तो म्हणाला, डब्यात शिल्लक असेल थोडी. दुकानात आल्यावर आम्ही डबा उघडून मीटर लावला. आतल्या सेल तळाला गेलेल्या, साखरपुड्याहून आल्या तशाच. डब्याचं मोबाईल ॲप असतं, त्यात चार्जिंगची नोंद राहते. त्या दिवशीची नोंदच नव्हती. शेवटी विल्सनने तो लाल दोऱ्याचा मोबाईल हातात घेतला आणि सहज मागचं झाकण काढलं. आत बॅटरी नव्हती. जागा रिकामी, आणि बॅटरीला टेकणाऱ्या पट्ट्यांवर गंज चढलेला. दुकान त्या दिवशी लवकर बंद केलं.

पपा बरे झाले. मोबाईल परत द्यायला हवा, हा हट्ट त्यांचाच. दसऱ्यानंतर डॉक्टरांना विचारून, दोन्ही डबे स्वतः तपासून, आम्ही परत त्या वाडीत गेलो. नामदेवभाऊंनी मोबाईल पाहिला आणि त्यांचा हात थांबला. हा आमच्या भिवाचा हाय, म्हणाले. आणि मग खालच्या आवाजात, भिवा दोन पावसाळ्यांपूर्वी वारला. त्याला छातीचा आजार होता. तेव्हाही अशीच लाइट गेलेली, वाडीतल्या एकाही मोबाईलला चार्जिंग नव्हतं. गाडी बोलवायला माणूस चालत गेला, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

भिवाची बायको ठकूबाई वाडीच्या टोकाला राहते. भात कापून नुकती घरी आली होती. नामदेवभाऊंनी तिला सगळं सांगितलं, आम्ही नुसते उभे होतो. ती रडली नाही, घाबरलीही नाही. तिने मोबाईलवरच्या दोऱ्यावरून बोट फिरवलं, तो तिनेच गुंडाळला होता. बॅटरी तिने तेव्हाच काढून दिराला दिली होती आणि मोबाईल कोनाड्यात ठेवला होता, भिंतीच्या आतल्या बाजूला. ती आत गेली. कोनाड्यात हात घालून बघत असावी, तेवढा वेळ लागला. बाहेर आली आणि कोनाडा रिकामा आहे म्हणाली.

मला वाटलं ती विचारेल, दिसायला कसा होता, काही निरोप दिला का. ती पपांसमोर उकिडवी बसली. पपांच्या नाकातली नळी तिने बघितली, आणि बहुतेक तिला कळलं की विचारायचं ते याच माणसाला.

"बाबा, ते तुमच्यापाशी बसलं तवा... दम लागलेला हुता का त्यांला?"

पपांना प्रश्न लगेच समजला. मला नव्हता समजला. शेवटचे दिवस भिवाला दोन शब्दही एका दमात बोलता येत नव्हते, हे नामदेवभाऊंनी मला नंतर सांगितलं.

"नाही बाई," पपा म्हणाले. "मीच थांबत होतो. तो नाही. खालून चढून आला आणि सरळ बोलायला लागला. मला तर हेवा वाटला त्याचा."

ठकूबाईने पदर तोंडाशी घेतला. हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. "मंग बरं हाय," एवढंच म्हणाली, आणि पुन्हा एकदा तेच म्हणाली. पपांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. विल्सन गाडीकडे निघून गेला, कारण त्याला माझ्यासमोर रडायचं नव्हतं.

तो दुसरा डबा आणि पॅनल आम्ही वाडीतच ठेवून आलो. नामदेवभाऊ अधूनमधून फोन करतात. ऊन असलं की डबा भरतो, नसलं की उतरतो. कसलाही चमत्कार नाही, कंपनीने लिहिलंय तसाच चालतो. ओळखीच्या इंजिनियरांना मी सगळी रचना कागदावर काढून दाखवली. त्यांनी सुचवलेली प्रत्येक शक्यता मी तपासली आणि एकही बसली नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. उत्तर मिळालं तर मला आनंदच होईल, माझा धंदाच आहे तो. त्या दिवशी ती वीज कुठून आली, मला माहीत नाही. ठकूबाईला एकच गोष्ट विचारायची होती, आणि तिचं उत्तर पपांनी दिलं ते खरं होतं. मी तिथेच होते, दोन हातांवर, आणि त्या माणसाला एकदाही धाप लागली नव्हती.